टंचाईचा भाव आणि वस्तूचे मोल

महागाईविषयी सर्वच बोलतात. स्वस्ताईविषयी फारसे कोणी बोलत नाही. भाव चढू लागले म्हणजे घरोघरी आणि चव्हाट्यावर त्याचीच चर्चा चालते. परंतु तेच भाव उतरू लागले म्हणजे ज्यास घ्यावयाचे असते तो मनातल्या मनात संतोष मानतो, ज्यास विकावयाचे असते तो हळहळतो, आणि दोघेही गप्प राहतात. या गप्प राहण्यात कित्येकदा एक लहानसे असत्य दडलेले असते. संगणकात बसविल्या जाणाऱ्या ‘ग्राफिक्स कार्ड’ नावाच्या वस्तूच्या जुन्या बाजारात २०२० पासून २०२३ पर्यंत जे घडले, त्याच्या आधाराने या गोष्टीचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे पुष्कळ विद्यार्थी या वस्तूचे नाव दिवसातून दहा वेळा घेतात, आणि पुष्कळ पालकांस ते नाव ऐकताच धडकी भरते. तेव्हा विषय दोघांच्याही परिचयाचा आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगितले पाहिजे. संगणकाच्या पडद्यावरील चित्र लक्षावधी ठिपक्यांचे बनलेले असते, आणि हलत्या चित्रात त्या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदास साठ-साठ वेळा नव्याने काढावा लागतो. हे गणित अवघड नसते, पण अतोनात असते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर एखाद्या व्युत्पन्न पंडितासारखा आहे. कोणताही प्रश्न घाला, तो सोडवील, परंतु एका वेळी थोडेच. ग्राफिक्स कार्डावरील प्रोसेसर म्हणजे साधी बेरीज व गुणाकार येणाऱ्या हजारो मुलांचा वर्ग. प्रत्येकास एकेक उदाहरण वाटून दिले की साऱ्या पाट्या एकदम भरतात. १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या ‘जीफोर्स २५६’ या कार्डाबरोबर ‘जीपीयू’ हे नाव रूढ केले. पुढे २००७ मध्ये तिनेच ‘कुडा’ नावाची सोय उपलब्ध करून दिली, आणि चित्रांखेरीज इतर शास्त्रीय गणितेही या कार्डांकडून करवून घेणे सुलभ झाले. सारांश, ही वस्तू केवळ खेळाची नव्हे; ती चित्रकाराची, अभियंत्याची आणि संशोधकाचीही आहे.

आता या उपयुक्त वस्तूस एक निराळाच धंदा कसा चिकटला ते पाहू. २०१५ मध्ये ‘इथीरियम’ नावाची एक आभासी चलनाची व्यवस्था सुरू झाली. तिच्या नाण्यास ‘ईथर’ म्हणतात. या व्यवस्थेची खातेवही कोणा एका पेढीत नसून जगभरच्या संगणकांवर असते. तीत नवे पान जोडण्याचा मान, आणि त्यासोबत काही नाणी बक्षीस, कोणास मिळावयाची? तर एक विशिष्ट अंक अंदाजाने चाचपून जो सर्वांआधी शोधील त्यास. जितके अंदाज अधिक, तितका बक्षिसाचा संभव अधिक. आणि असंख्य साधी गणिते एकदम करणे हा तर ग्राफिक्स कार्डाचा जन्मजात गुण. या उद्योगास ‘मायनिंग’ म्हणजे खाणकाम असे नाव पडले. अशा रीतीने खेळण्यासाठी किंवा कामासाठी घ्यावयाचे कार्ड अहोरात्र चालवून पैसे मिळविण्याचे यंत्र बनले.

१७ सप्टेंबर २०२० रोजी एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ३०८०’ हे कार्ड बाजारात आले. त्याची ठरलेली किंमत ६९९ डॉलर होती. परंतु त्या किमतीस ते फारच थोड्यांच्या हाती लागले, कारण माल येताक्षणीच संपला. कोविडच्या साथीमुळे माणसे घरात कोंडली गेली होती, त्यामुळे संगणकांस मागणी वाढली होती. चिपा करणारे कारखाने जगात मोजके. त्यांचे काम रातोरात दुप्पट होत नाही. साठेबाजांनी क्षणार्धात शेकडो मागण्या नोंदविणारे संगणकी कार्यक्रम चालवून उरलासुरला माल उचलला. अमेरिकेतील न्यूएग या दुकानाने तर जानेवारी २०२१ पासून कार्डे विकत घेण्याचा हक्क सोडतीने देण्यास आरंभ केला. पैसे मोजून वस्तू घ्यावयाची, आणि तीही चिठ्ठी निघाली तर! त्यातच ईथरचा भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये ४,८०० डॉलरांवर पोहोचला. या दीड वर्षात ६९९ डॉलरांचे कार्ड हातोहात विकणारांकडे दुपटीने, आणि कित्येकदा त्याहूनही अधिक दराने विकले गेले. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि बंगळुरूच्या एस. पी. रोडवरही हीच कथा होती.

हा भाव कशाचा होता? आमच्या मते तो कार्डाचा नव्हताच. गावच्या बाजारात दुभत्या म्हशीचा भाव तिच्या कासेकडे पाहून ठरतो आणि भाकड म्हशीचा हाडांकडे पाहून. म्हैस मात्र तीच असते. २०२१ मधील कार्डाच्या भावात तीन निरनिराळ्या रकमा एकत्र झाल्या होत्या: एक, वस्तूच्या उपयोगाची, दुसरी, खाणकामातून मिळू शकणाऱ्या दुधाची, आणि तिसरी, निव्वळ दुर्मिळतेची. यांपैकी पहिली तेवढी वस्तूच्या अंगची होती. बाकीच्या दोन बाहेरून येऊन बसल्या होत्या, आणि बाहेरून आलेला पाहुणा केव्हातरी जावयाचाच.

ते पाहुणे गेले. जून २०२२ मध्ये ईथरचा भाव १,००० डॉलरांच्याही खाली उतरला. पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथीरियमने आपली पद्धतच बदलली. अंक चाचपण्याची शर्यत बंद झाली आणि स्वतःची नाणी ठेव म्हणून गुंतविणारांस खातेवहीचे काम मिळू लागले. या एका बदलाने त्या व्यवस्थेचा विजेचा खप ९९ टक्क्यांहून अधिक घटला. आणि त्याच दिवशी जगभरच्या असंख्य कार्डांचे दूध आटले. हा बदल अकस्मात झाला नव्हता; तो होणार हे आधीच जाहीर झाले होते, आणि पुष्कळांनी त्यापूर्वीच आपली कार्डे विकावयास काढली होती. जुन्या बाजारात कार्डांचे ढीग लागले. वापरलेले ३०८० कार्ड आता मूळच्या ६९९ डॉलरांच्याही खाली मिळू लागले. एप्रिल २०२३ मध्ये ‘आरटीएक्स ४०७०’ हे नवे कार्ड ५९९ डॉलरांस निघाले. कामाने ते ३०८० च्या जवळपास बरोबरीचे. परंतु जुन्यास ३२० वॅट वीज लागे, ती यास २०० वॅटच पुरे. नवे करकरीत कार्ड हमीपत्रासह या भावाने मिळत असता जुन्यास अधिक कोण देणार?

येथे विकणाराचा विलाप सुरू होतो. “आम्ही इतके रुपये मोजले आणि आता निम्मेही येत नाहीत,” असे तो म्हणतो. आम्हांस त्याच्याविषयी सहानुभूती आहे. विशेषतः ज्या तरुणाने कर्ज काढून, किंवा आईवडिलांच्या मागे लागून, ऐन तेजीत कार्ड घेतले, त्याचे दुःख खोटे नाही. परंतु त्याने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्याने जी जादा रक्कम मोजली ती वस्तूसाठी नव्हे, तर थांबावे लागू नये म्हणून मोजली. तो उतावळेपणाचा मोबदला होता, आणि तो त्यास त्याच दिवशी मिळून चुकला: इतरांच्या हाती कार्ड नसता त्याच्या हाती होते. जेवून झाल्यावर ताटाची किंमत परत मागता येत नाही. आपल्या घाईचे देणे पुढच्या गिऱ्हाइकाच्या माथी मारण्याचा हक्क कोणासही नाही, हेच आमचे मुख्य म्हणणे आहे.

आणि नेमके हेच देणे दुसऱ्याच्या माथी मारण्याचा एक सोपा मार्ग जुन्या बाजारात सापडतो. तो मार्ग म्हणजे मौन. खाणकामात कार्ड दिवसाचे चोवीस तास, महिनोन् महिने चालते. पंख्यांच्या बेअरिंगा झिजतात. स्मृतीच्या चिपा व उष्णता वाहून नेणारा धातू यांमध्ये बसविलेल्या मऊ पट्ट्या वाळतात. ३०८० सारख्या कार्डांत तर स्मृतीचे तापमान शंभर अंशांच्या आसपास राहिल्याचे अनेकांनी मोजून पाहिले आहे. परंतु फुंकणीने धूळ उडवून, फडक्याने पुसून ते मूळच्या खोक्यात घातले की रविवारी दोन तास खेळणाऱ्या मुलाचे कार्ड आणि गोदामात दोन वर्षे तापलेले कार्ड यांत वरून काही भेद दिसत नाही. बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे तोंड उघडून दात पाहते. आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला आहे हे त्यास तत्काळ कळते. या कार्डास दात नाहीत. त्याचे वय व त्याचे कष्ट फक्त त्याच्या धन्यास ठाऊक.

अशा बाजाराचे काय होते, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले, आणि त्या विचाराबद्दल त्यांस २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माल चांगला की खोडील हे गिऱ्हाइकास कळत नसेल, तर ते प्रत्येक वस्तूस मधलाच भाव देऊ करते. त्या भावाने खोडील मालाच्या धन्याचा फायदा होतो, चांगल्या मालाचा धनी मात्र आपली वस्तू घरी परत नेतो. मग बाजारात खोडील मालाचे प्रमाण वाढते, गिऱ्हाईक आणखी भिते, भाव आणखी उतरतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु जुन्या बाजारात झाकलेली मूठ सव्वा लाखाची राहत नाही, ती सर्वांच्याच मालाची किंमत कवडीवर आणते. २०२२ नंतर “कार्ड खाणकामाचे तर नाही ना?” हा प्रश्न प्रत्येक विक्रेत्यास ऐकावा लागला. ज्याने कधी खाणकाम केले नाही, त्या सरळ मुलालाही संशयाचा दंड भरावा लागला. हा दंड बाजारभावाने केला नाही. तो न बोलणारांनी केला.

कोणी म्हणेल, “गप्प राहणे हा काही गुन्हा नव्हे.” कायद्याच्या दृष्टीने हे बहुतांशी खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार अवश्य केला पाहिजे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात फसवणूक कशास म्हणावे ते सांगितले आहे. जाणूनबुजून खोटे सांगणे किंवा ठाऊक असलेली गोष्ट युक्तीने झाकणे ही फसवणूक होय. परंतु बोलण्याचे कर्तव्य नसता केवळ मौन पाळणे ही फसवणूक नव्हे. तेथे दिलेली उदाहरणे मोठी मनोरंजक आहेत. एक मनुष्य आपला घोडा लिलावात विकतो. घोड्यात खोड आहे हे त्यास ठाऊक असून तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारी जर त्याचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच खोड सांगणे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला की, “तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,” तर त्यापुढचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते.

आमच्या विद्यार्थ्यांनी या तीन उदाहरणांवर विचार करावा. कायदा परक्यास एक माप लावतो आणि मुलीस दुसरे. कारण कायदा आपल्याकडून कमीत कमी काय अपेक्षितो तेवढेच सांगतो. त्यापुढचे ठरविणे आपल्याकडे आहे. ज्यास आपण कार्ड विकतो तो बहुधा आपल्यासारखाच एखादा विद्यार्थी असतो. त्याने वर्षभर पैसे साठविलेले असतात, त्याच्याजवळ दुसरे कार्ड घेण्याची ऐपत नसते, आणि सहा महिन्यांत ते बंद पडले तर दाद मागावयास जागाही नसते. त्यास परका समजावयाचे की घरचा, हा प्रश्न न्यायालय सोडविणार नाही.

हा मोह केवळ लहानांसच होतो असे नाही. २०१७ मध्ये खाणकामासाठी कार्डांचा मोठा खप झाला होता. त्या वर्षीच्या दोन तिमाहींत खेळांच्या कार्डांच्या विक्रीत जी वाढ झाली तीत खाणकामाचा भाग महत्त्वाचा होता, ही गोष्ट एनव्हिडियाने आपल्या भागधारकांस पुरेशी स्पष्ट केली नाही, असा ठपका अमेरिकेच्या रोखे बाजार नियामक मंडळाने ठेवला. आणि मे २०२२ मध्ये कंपनीने तो मान्य अथवा अमान्य न करता ५५ लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटविले. दूध कोठून येते हे न सांगता दुभत्याचा आकडा दाखविला, तर आटण्याचा दिवस आला म्हणजे विश्वास ठेवणारा फसतो. लहान विक्रेत्यास जो नियम, तोच मोठ्यासही.

आणखी एक आक्षेप राहतो. “खरे सांगितले तर भाव आणखी पडेल, मग सांगणाराचाच तोटा नव्हे काय?” यास आमचे उत्तर असे की, खाणकामात वापरलेले कार्ड टाकाऊच असते हा समजही तितकाच चुकीचा आहे. वीज वाचावी म्हणून पुष्कळ खाणकामवाले कार्डास कमी दाबाने वीज देत. वरचेवर तापून निवण्याने जोडांवर जो ताण पडतो, तो एकसारखे चालणाऱ्या कार्डावर कमी पडतो. पंखा बदलता येतो. वाळलेल्या पट्ट्या थोडक्या खर्चात नव्या घालता येतात. म्हणून “हे कार्ड दीड वर्ष खाणकामात होते, पट्ट्या नव्या घातल्या आहेत, ही पावती, या आणि तासभर चालवून पाहा,” असे सांगणाराचे कार्ड कदाचित शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त जाईल, पण ते जाईल. आणि घेणारा उद्या आपल्या मित्रासही त्याच्याकडेच पाठवील. खाणकाम हा दोष नव्हे. लपविणे हा दोष आहे.

विकणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही एवढेच सुचवितो: मूळ पावती, हमीपत्राची मुदत, कार्ड किती दिवस आणि कशासाठी वापरले, कधी उघडून दुरुस्त केले का, हे चार ओळींत लिहून वस्तूबरोबर द्यावे. घेणाऱ्यांनी संकोच न धरता स्पष्ट विचारावे, कारण स्पष्ट प्रश्नापुढे मौनाचा आश्रय उरत नाही. कार्ड डोळ्यांदेखत तासभर चालवून त्याचे तापमान पाहावे, पंख्याचा आवाज ऐकावा, आणि तेवढ्याच कामाचे नवे कार्ड काय भावाने मिळते हे आधी विचारून जावे. पालकांनी मुलाच्या मागणीस एकदम ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘कशासाठी?’ असे विचारावे. त्रिमिती चित्रे काढण्याचा ‘ब्लेंडर’सारखा कार्यक्रम तर फुकट मिळतो, कार्डच तेवढे महाग असते. भाव उतरल्याने जे साधन पूर्वी श्रीमंताच्या मुलापुरते होते ते बेताच्या मिळकतीच्या घरातही येऊ शकते. उतरता भाव हे विकणाराचे संकट असेल. शिकणाराची ती संधी आहे.

हा प्रसंग पहिला नव्हता आणि शेवटचाही नव्हे. २०१८ च्या आरंभी ईथर १,४०० डॉलरांवर होता, त्याच वर्षाच्या डिसेंबरात १०० डॉलरांच्याही खाली गेला. तेव्हाही जुन्या बाजारात कार्डांचा पूर आला होता. तरी २०२१ मध्ये माणसे पुन्हा धावली. जानेवारी २०२५ अखेर ‘आरटीएक्स ५०९०’ निघाले तेव्हा पुन्हा ठरल्या किमतीहून अधिक मोजणारांची रीघ लागली, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात संगणकाच्या स्मृतीचे भाव भडकले. दुसऱ्या महायुद्धात रॉकेल, कापड आणि साखर यांच्या टंचाईने ‘काळा बाजार’ हा शब्द आपल्या घरोघरी पोहोचविला. वस्तू बदलतात, टंचाईची रीत बदलत नाही. ती येते तेव्हा माणसाच्या धीराची परीक्षा होते आणि ती जाते तेव्हा त्याच्या सचोटीची. पहिल्या परीक्षेत नापास झालेल्याचे थोडे पैसे जातात. दुसरीत नापास होणाराचे पैसे वाचतात, पण त्याचा शब्द जातो. आणि शब्दास जुना बाजार नसतो, तो पुन्हा विकत मिळत नाही. आमच्या शाळेचा विद्यार्थी आपले जुने कार्ड विकावयास निघेल तेव्हा त्यास भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल; परंतु “त्या शाळेच्या मुलाकडून घेतले आहे, तेव्हा सांगितले तसेच असेल,” असे घेणारा म्हणेल, तर तीच आमच्या मते सर्वांत मोठी किंमत होय.